गेटमधून डावीकडे

आदरणीय अध्यक्ष महोदय, म्हणजे या शोरूमचे आणि सर्व्हिस सेंटरचे मालक. कंपनीच्या मुख्य कचेरीतून आजच्या समारंभासाठी आवर्जून आलेले व्यवस्थापक साहेब. व्यासपीठावर पुष्पगुच्छांच्या मागे जवळजवळ दिसेनासे झालेले आजचे सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणारे आपणा सर्वांचे दादा. त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या वहिनी. पहिल्या रांगेतली त्यांची लेक. वर्कशॉपमधले माझे भाऊ, ज्यांचे हात मी आज पहिल्यांदाच स्वच्छ बघते आहे. आणि ज्यांच्या जिवावर हा सगळा डोलारा उभा आहे ते तुम्ही वाहनमालक, बंधू आणि भगिनींनो, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख फार मोठी करून दिली. त्यातलं निम्मं मला नवीनच कळलं. खरं सांगायचं तर मी ड्रायव्हिंग स्कूल चालवणारी बाई. इथल्या अर्ध्याअधिक लोकांना मी गाडी शिकवली आहे आणि उरलेल्यांना शिकवायची राहून गेली, हे त्यांचं पार्किंग बघितलं की कळतं. लोक मला ब्रेकबाई म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि मला त्याचा राग येत नाही. कारण शिकवणाऱ्याच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेकचं पेडल असतं. शिकणारा गोंधळला की आपण दाबायचं. माझं सगळं आयुष्य त्या एका पेडलवर पाय ठेवून गेलं आहे.

आज मला दोन कामं सांगितली आहेत. पहिलं, दादांबद्दल चार गौरवाचे शब्द बोलायचे. दुसरं, कंपनीतर्फे दादांना भेट म्हणून जी नवी कोरी गाडी दिली जाणार आहे, तिची चावी सर्वांत जुनी ग्राहक या नात्याने माझ्या हस्ते द्यायची. गाडी बाहेर पोर्चमध्ये उभी आहे, तिच्या बॉनेटवर एवढा मोठा लाल फितीचा बो बांधला आहे, येताना तुम्ही पाहिलाच असेल. चावी ही माझ्या मुठीत आहे. कार्यक्रम संपला की दादांची लेक ती गाडी चालवत आईवडिलांना घरी नेणार, असंही मघाशी जाहीर झालं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या.

तर आधी गौरव. तो खराच करायचा आहे मला, आणि त्यात हातचं काही राखायचं नाही.

माझे यजमान गेले तेव्हा त्यांच्या ड्रायव्हिंग शाळेची एकच गाडी होती आणि मला ती नीट चालवताही येत नव्हती. भेटायला येणारे म्हणत होते, गाडी विकून टाका, घरी बसून काहीतरी करा. दादा तेव्हा इथे साधे मेकॅनिक होते. ते आले, बसले नाहीत, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. म्हणाले, "ताई, गाडी सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपला घेऊन या." मी नेली. सीट बाहेर काढून ते गाडीत आडवे झाले आणि डाव्या बाजूला दुसरं पेडल बसवलं. मूळच्या पेडलचा सांधा झिजला होता, तो बदलला. मग मला शेजारी बसवून गाडी चालवली आणि अचानक ओरडले, "दाबा!" मी दाबलं. गाडी जागच्या जागी उभी राहिली. "बघा," म्हणाले, "या एका पायावर तुमची शाळा चालेल. बाकी काळजी करू नका, मी आहे ना."

मी आहे ना. हे तीन शब्द या सभागृहात कोणी ऐकले नाहीत? हात वर करा. बघा, एकही हात वर नाही.

पुढे दादा फोरमन झाले, मग सर्व्हिस सेंटरचे प्रमुख झाले, काचेची केबिन मिळाली. पण केबिनचं दार कधी बंद दिसलं नाही. गिऱ्हाईक तावातावाने आत शिरायचं आणि चहा पिऊन हसत बाहेर पडायचं. मी तर घरातलं दुखणंखुपणंही त्यांना सांगायची. माझ्या मुलाच्या लग्नात पाहुण्यांची ने-आण दादांनी एकहाती केली. सूनबाई घरात आली त्या दिवशी तिला मी सांगितलं होतं, "हे तुझे मोठे सासरे समज." ती त्यांना वाकून नमस्कार करायला गेली तर दादा संकोचून मागे सरकले आणि टेबलावरचं सरबत सांडलं. आठवतंय ना वहिनी? तुमच्याच साडीवर.

पुढे ही सूनबाई माझ्या शाळेत आली आणि माझ्यापेक्षा चांगली शिकवायला लागली. मी ओरडते, ती ओरडत नाही. घाबरट माणसं तिच्याकडे द्यावीत आणि निर्धास्त व्हावं. परिचारिका, आजोबा झालेले गृहस्थ, नवऱ्याने "तुला जमणार नाही" म्हणून सांगितलेल्या बायका, सगळे तिचे विद्यार्थी. मला वाटलं, आता मी पाय काढून घ्यायला हरकत नाही.

मग कंपनीने हे नवं मॉडेल काढलं. बाहेर उभं आहे तेच. दिसायला देखणं, आणि दादांनी सांगितलं म्हटल्यावर माझी शाळाच काय, अर्ध्या शहराने ते घेतलं. शाळेच्या नव्या गाडीतही डावीकडचं पेडल दादांनीच बसवून दिलं. आणि तक्रारी सुरू झाल्या.

माझे मित्र, दातांचे डॉक्टर, ते बघा तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांच्या गाडीच्या टायरला बाजूने फुगवटा आला. ते म्हणाले, "अगदी हिरडी सुजल्यासारखा." गाडी नवी, टायर नवा. दादांनी टायरवर हात फिरवला आणि म्हणाले, "डॉक्टर, हवा कमी ठेवता तुम्ही." डॉक्टरांनी हवा वाढवली. दुसऱ्या टायरला फुगवटा आला. "आता जास्त ठेवता." आम्ही सगळे हसलो होतो तेव्हा. डॉक्टरसुद्धा हसले होते.

ब्रेकचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. आपलं हे सर्व्हिस सेंटर वरच्या अंगाला, सपाटीवर आहे. आपण बहुतेक सगळे राहतो खाली, नदीकडे. मध्ये तो लांबलचक वळणांचा उतार. या नव्या गाडीचा ब्रेक उतारावर अर्ध्यात आला की मऊ पडायचा. पेडल खाली जायचं, आणि जायचंच. कधी व्हायचं, कधी नाही. मग घाबरलेला माणूस दुसऱ्या दिवशी गाडी वर घेऊन यायचा. चढ चढून आलेली गाडी, ब्रेक थंडगार. इथे आली की अगदी शहाण्यासारखी वागायची. डॉक्टर म्हणाले होते, दाढ दुखणारा माणूस दवाखान्याच्या पायरीवर आला की दाढ दुखायची थांबते, तशी ही गाडी.

आणि मग दादांची ती प्रसिद्ध चक्कर! माहीत आहे ना सगळ्यांना? तक्रार आली की दादा कुठल्या पोराला पाठवायचे नाहीत. स्वतः उठायचे, चष्मा पुसायचे, म्हणायचे, "चला, एक चक्कर मारू या." स्वतः स्टिअरिंगवर बसायचे, आपल्याला शेजारी बसवायचे. गेटमधून डावीकडे, पाण्याच्या टाकीला वळसा, परत गेटमध्ये. वाटेत दोन-तीनदा करकचून ब्रेक लावून दाखवायचे. "लागला ना?" लागलेला असायचा. "मग?" आपण ओशाळायचो. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा माणूस आपल्यासाठी उठला, उन्हात आला, स्वतः गाडी चालवली. वर पुन्हा, "तरी काही वाटलं तर फोन करा, मी आहे ना." आपण आभार मानून निघायचो.

अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बघत आहेत. थोडाच वेळ घेईन. गौरवाचा भाग संपला, आता निरोपाचा भाग.

सूनबाई उभी राहा गं जरा. नको, नको, बस, काठी शोधत बसू नकोस. ती बघा, दुसऱ्या रांगेच्या कडेला बसली आहे, पाय मोकळा सोडता यावा म्हणून. तिला यायचं नव्हतं. मी आणलं.

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. ती शाळेच्या नव्या गाडीत एका परिचारिकेला शिकवत होती. लख्ख सकाळ, कोरडा रस्ता, तोच उतार. परिचारिकेने ब्रेक दाबला तर पेडल तळाला गेलं. सूनबाईने आपलं पेडल दाबलं, तेही गेलं. तिने हँडब्रेक ओढला, शिकणारीच्या हातावर हात ठेवून स्टिअरिंग आपल्याकडे खेचलं आणि गाडी बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातली. विचार करा. आपल्याकडे खेचलं. मार डाव्या बाजूला बसला. परिचारिकेला साधं खरचटलंही नाही. सूनबाईची टाच आणि घोटा त्या पेडलखाली चेपला गेला. लोकांनी पत्रा कापून तिला बाहेर काढलं तेव्हा ती पहिलं काय विचारत होती? "त्या ताई बऱ्या आहेत ना?"

कंपनीने चौकशी केली. रीतसर केली, साहेब, मी नाही म्हणत नाही. निष्कर्ष दादांनी मला केबिनमध्ये बसवून वाचून दाखवला. ब्रेकमध्ये दोष आढळला नाही. प्रशिक्षकाने ब्रेक दाबायला उशीर केला. शिवाय गाडीत नंतर बसवलेल्या जादा पेडलची जबाबदारी कंपनीवर नाही. खाली सही दादांची.

मी विचारलं, "दादा, ते पेडल कोणी बसवलं?"

ते म्हणाले, "ताई, चहा घ्या."

मी घेतला हो. काय करणार? इतक्या वर्षांची सवय. मी चहा घेतला, घरी गेले, आणि पलंगावर पाय उंच करून पडलेल्या पोरीला सांगितलं की दादांनी सगळं तपासलंय, ब्रेकमध्ये काही नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मग आई, मीच उशीर केला असेन."

तेव्हापासून ही पोरगी गाडीत शिकवायला बसलेली नाही. तिचा शिकवायचा परवाना सध्या थांबवलाय, पण तो परत मिळाला तरी ती बसणार नाही. बसने कुठे निघालो की सिग्नल दिसायच्या आधीच तिचा पाय खाली दाबायला लागतो, तोच मोडलेला पाय. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवते. ती म्हणते, "आई, मला कळतच नाही, मी वेळेवर दाबला होता की नाही." परिचारिका शपथेवर सांगून गेली की दोघींनी एकदमच दाबला. पण शिकाऊ बाईचं कोण ऐकतं? आणि समोर कोण आहे तर दादा. दादा कशाला खोटं बोलतील?

हेच मला सांगायचं आहे. दादा खोटं बोलतच नाहीत. मी फार आठवून बघितलं. कंपनीच्या कागदावर सही केली, पण इतक्या वर्षांत "ब्रेक चांगला आहे" असं स्वतःच्या तोंडाने ते एकदाही म्हणाले नाहीत. "लागला ना?" असं विचारलं, उत्तर आपण दिलं.

हे मला कधी कळलं सांगते. डॉक्टरांच्या गाडीचा ब्रेक मागच्या महिन्यात उतारावर मऊ पडला. ते आणि मी मिळून गाडी वर घेऊन आलो. सुट्टीचा दिवस होता, तरी फोन केल्यावर दादा आले. चष्मा पुसला. "चला, एक चक्कर मारू या." डॉक्टर पुढे, मी मागे. गेटपाशी आलो आणि का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, आज उजवीकडे घ्या ना. उतारावरून खाली जाऊन येऊ."

ते म्हणाले, "उजवीकडे गर्दी असते, ताई."

मी उजवीकडे बघितलं. रस्ता रिकामा होता. अगदी चिटपाखरू नव्हतं. मी समोरच्या आरशात बघितलं, तर दादांचे डोळे माझ्याकडेच. त्यांनी हात वर केला, आरसा जरासा फिरवला आणि गाडी डावीकडे घेतली.

मी शिकवणारी बाई आहे. माणूस आरसा मागचं दिसावं म्हणून फिरवतो की दिसू नये म्हणून, एवढं मला कळतं. पाण्याच्या टाकीला वळसा घालेपर्यंत मी मागे बसून जुन्या चकरा मोजत होते. ही चक्कर मी कितीतरी वेळा मारली आहे, आणि एकदाही, एकदाही आम्ही उजवीकडे गेलो नाही. ज्या उताराची तक्रार, त्या उतारावर हा माणूस कधी गाडी घेऊन गेलाच नाही. कसा जाईल? त्याला माहीत होतं.

आणि मग दुसरी गोष्ट आठवली, आणि त्या रात्री मी जेवले नाही. सूनबाईच्या अपघाताच्या आधी दादांची लेक माझ्याकडे गाडी शिकायला आली होती. हो, हीच, पहिल्या रांगेतली. बाळ, तू घाबरू नकोस, तुझा यात काही दोष नाही. तुझे बाबा तुला सोडायला आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, हिला तुमच्या त्या जुन्या गाडीवरच शिकवा. जुन्या गाडीवर हात चांगला बसतो." मी थट्टा केली होती, "काय हो दादा, नवी गाडी आम्हाला विकता आणि लेकीला जुनं डबडं?" दादा हसले नव्हते. तेव्हा मला वाटलं, बापाचं मन आहे, लेकीची काळजी आहे.

बरोबरच वाटलं होतं मला. काळजीच होती. फक्त ती आपल्या लेकीपुरती होती. माझी सून कुणाची तरी लेकच होती ना, दादा? तुम्हाला मोठे सासरे मानत होती.

हां, ही चिठ्ठी आली. "वेळेअभावी आटोपते घ्यावे." घेते. आणि माइकजवळ जे गृहस्थ उभे राहिलेत त्यांना माझी विनंती, ते बटण बंद करू नका. केलंत तरी फरक पडणार नाही. चालत्या गाडीत, खिडक्या उघड्या ठेवून, ट्रकच्या हॉर्नवर आवाज चढवून मी शिकवत आले आहे. शेवटच्या रांगेपर्यंत माझा आवाज आरामात जातो.

मला राग आला, असं मी म्हणणार नाही. राग कंपनीचा येतो. कंपनी कोण, कुठली, तिला माझा चेहरा माहीत नाही. साहेब, तुमचं नाव मला मघाशी कळलं, तुम्ही गेल्यावर मी विसरूनही जाईन. पण यांनी मला फसवलं, ज्यांनी आडवं होऊन माझ्या गाडीत पेडल बसवलं त्या हातांनी सही केली, हे माझ्या पचनी पडत नाही. घरातल्या माणसाने फसवलं की कुणाकडे तक्रार करायची? इतकी वर्षं मी सगळ्या तक्रारी यांच्याकडेच करत आले.

कोणी म्हणेल, त्यांच्यावरही वरून दाब असेल. असेल. नोकरी होती, संसार होता, लेकीचं शिक्षण होतं. मी दाबाला दोष देत नाही. दादा, तुम्ही नुसतं मला कानात सांगितलं असतंत ना, "ताई, ही गाडी उतारावर नेऊ नका," तरी माझी तक्रार नव्हती. मी कुणाला सांगितलं नसतं. लेकीला वाचवायला जेवढा शब्द खर्च केलात, तेवढाच मला दिला असतात तर आज ती पोरगी काठी घेऊन बसली नसती.

आणि तरी निमंत्रण द्यायला तुम्ही स्वतः आलात. दारातूनच म्हणालात, "ताई, चावी तुमच्याच हातून घ्यायची आहे." आत आला नाहीत, सूनबाई समोर बसली होती. मी तेव्हापासून विचार करते आहे, हा माणूस मला का बोलावतोय? मालकांना आमदारांच्या हस्ते चावी द्यायची होती, असं माझ्या कानावर आलंय. तुम्हीच हट्ट धरलात म्हणे. मला अजून उलगडा झालेला नाही. कदाचित आता होईल.

तर चावीचा कार्यक्रम उरकू या.

बाळ, ये, इथे वर ये. हळू, पायरी उंच आहे. तू माझी चांगली विद्यार्थिनी आहेस, क्लच तुझा अजून थोडा घाईचा आहे, पण सुधारेल. ही चावी. अशी तुझ्या हातावर ठेवते, पण अजून सोडत नाही. आता तू गाडीत बसशील, शेजारी आई, मागे बाबा. गेटमधून बाहेर पडशील. तुमचं घर नदीकाठी. म्हणजे उजवीकडे. डावीकडून घरी जायला रस्ता नाही.

दादा, मी तुम्हाला काही कबूल करायला सांगत नाही. सही परत घ्या म्हणत नाही. तुमच्या सत्काराच्या दिवशी मी तुम्हाला एक शब्द मागते. लेकीकडे बघा आणि म्हणा, "जा." एवढंच. तुम्ही "जा" म्हणालात की मी चावी सोडते, टाळ्या वाजवते, तुमच्या पाया पडते, आणि माझ्या सुनेला घरी नेऊन सांगते की उशीर तुझाच झाला होता.

म्हणा ना.

मंडळी, शांत राहा जरा. मालक, बसा हो, एक मिनिट बसा. वहिनी, तुम्ही त्यांच्या दंडाला हात लावू नका, त्यांना त्यांचं बोलू द्या.

दादा?

काय म्हणालात?

…

माइक लांब आहे, मागच्यांना ऐकू गेलं नसेल. मी सांगते. दादा म्हणाले, "गाडी इथेच राहू दे."

बाळ, रडू नकोस. बाबांनी तुला दोनदा वाचवलंय, हे लक्षात ठेव. ही चावी मी टेबलावर ठेवते, व्यवस्थापक साहेबांच्या समोर. साहेब, आपण खाली नदीकाठच्या हॉटेलात उतरला आहात असं ऐकलं. गाडी तयार आहे. हवी तर घेऊन जा.

सूनबाई, ऐकलंस ना गं? सगळ्यांच्या समोर म्हणाले. तू उशीर केला नव्हतास. तू वेळेवर दाबला होतास.

अध्यक्ष महोदय, मला बोलायची संधी दिल्याबद्दल मी आपली ऋणी आहे. आयोजकांनी फुलं सुरेख आणली, खुर्च्या भरपूर मांडल्या, त्यांचे आभार. वहिनी, तुमच्या आनंदाच्या दिवसाचं मी हे असं केलं, ते पोटात घाला. बोलण्याच्या भरात माझ्याकडून कुणाच्या मानाला धक्का लागला असेल, काही अधिकउणं गेलं असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. ज्यांची गाडी याच मॉडेलची आहे त्यांनी ती आज पार्किंगमध्येच ठेवावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे. बाहेरच्या थांब्यावर खाली जाणारी बस येते. दादा, तुम्हीही या. सूनबाईच्या शेजारची जागा मी तुमच्यासाठी धरून ठेवते. उतार लागला की तिचा पाय दाबायला लागतो. तेव्हा तिच्याशी तुम्हीच बोला.